पिवळी पाठ

"दादा, एक विचारू? माझी पाठ खरंच पिवळी होती का हो?"

कोर्टाच्या व्हरांड्यात पाण्याच्या मशीनपाशी तो कागदी पेला भरत उभा होता, तेव्हा त्या बाईने त्याला हे विचारलं. आवाजात राग नव्हता, रड नव्हती; किती वाजले हो, असं कुणी रस्त्यात विचारावं इतक्या सरळपणे विचारलं. पेला भरून पाणी मनगटावरून बाहीत शिरलं तरी त्याचा अंगठा बटणावरून निघेना. "मला नाही ना दिसली माझी पाठ," ती म्हणाली, "तेव्हा आरशात बघायला मान वळत नव्हती, आणि मान वळायला लागली तेव्हा हिंमत झाली नाही. ते वकील परवा दोन तास पिवळी, पिवळी करत होते. व्हिडिओत पण तशीच दिसते. आता मलाच वाटायला लागलंय, आपलंच काहीतरी चुकत असेल. माराचा दिवस-बिवस. तुम्ही तर समोर उभे होतात, म्हणून विचारलं." त्याने अंगठा काढला. हातात पाणी होतं, पण ते प्यायचं सुचलं नाही. "रेकॉर्डिंगमध्ये आहे तेच असणार," असं काहीतरी तो पुटपुटला. "बरं," ती म्हणाली, आणि जाऊन बाकड्यावर बसली. अकरा महिने झाले होते, तरी ती अजून पाठ टेकवून बसत नव्हती.

झालं ते एवढंच. पण तो मशीनपासून हलला नाही. चौदा वर्षं तो सरकारी इस्पितळातला कॅमेरावाला होता. मार खाऊन आलेल्या माणसाच्या अंगाचं, मलमपट्टी होण्याआधी, कोर्टासाठी चित्रण करायचं, हे त्याचं काम. लग्नात कॅमेरा धरणारे त्याचे जुने दोस्त त्याला विचारत, तुला झोप कशी येते रे? तो हसून म्हणे, माझी गिऱ्हाइकं निदान हसण्याचं नाटक करत नाहीत. खरं म्हणजे त्याला झोप चांगली येत असे. डोळ्याला कॅमेरा लावला की समोरचं फुटलेलं ओठाचं कातडं, सुजून बंद झालेली पापणी, दंडावर उमटलेली पाच बोटं, हे सगळं त्याच्यापासून एक काच लांब जात असे. कामात तो चोख होता. कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल नसते, हे तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा. ट्यूबलाइटखाली सगळं हिरवट असतं, बल्बखाली पिवळं, खिडकीच्या उजेडात निळसर. माणसाचा डोळा हे आपोआप सांभाळून घेतो आणि पांढऱ्याला पांढरंच म्हणतो. कॅमेरा सांभाळून घेत नाही. त्याला आधी एक पांढरं कार्ड समोर धरून, बटण दाबून सांगावं लागतं की बाबा, या उजेडात हे पांढरं. एकदा ते ठरलं की बाकीचे रंग त्याच्या मागून आपापल्या जागी येतात. आणि भलतंच काही पांढरं म्हणून दाखवलं तर तो बिचारा तेही मुकाट्याने मानतो आणि सगळ्या जगाचा रंग त्याप्रमाणे बदलून टाकतो.

त्या बाईच्या वेळी त्याने भलतंच दाखवलं होतं. ती शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी बाई, एका सहा वर्षांच्या मुलीची आई. नवरा लिफ्ट बसवणारा. मंगळवारी सकाळी दहाला तो आठ दिवसांच्या बाहेरगावच्या कामावरून घरी आला, साडेअकराला त्याने लिफ्टच्या केबलच्या तुकड्याने तिला मारलं, आणि दीड वाजता शेजारणीने तिला इस्पितळात आणलं, असं तिचं म्हणणं. नवऱ्याचं म्हणणं, आपण घरी आलो तेव्हा ती आधीच मार खाल्लेली होती. त्याच्याकडे आठ दिवसांची हजेरी होती, लॉजची पावती होती, बसचं तिकीट होतं. आणि व्हिडिओ होता. त्यातली तिची पाठ पिवळी दिसत होती, कडेला हिरवट. त्याचा वकील असा गोड बोलायचा की कोर्टातली माणसं त्याला मागून मधाळ म्हणत. पिवळा डाग म्हणजे निदान पाच-सहा दिवसांचा, हे त्याने एका नामांकित डॉक्टरकडून वदवून घेतलं, आणि मग तिच्याकडे वळून अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "पाच दिवसांपूर्वी तुमचे यजमान शेकडो मैल लांब लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. मग बाई, तेव्हा तुमच्या घरात कोण होतं?" तिने 'कोणी नाही' म्हटलं, तर तो फक्त हळूच हसला. तपासणाऱ्या डॉक्टरने कागदावर दोनच ओळी लिहिल्या होत्या, पाठीवर व दंडावर माराच्या खुणा, रंग चित्रणात पाहावा, आणि तो डॉक्टर आता परदेशात होता. नर्सने साक्षीत सांगितलं, रोज वीस पाठी बघते, कुठली लक्षात ठेवू? केस गेली तर नवरा सुटणार, मुलगी त्याच्याकडे जाणार, आणि बाईच्या नावाला कायमचा बट्टा लागणार. त्या दिवशी तिची पाठ कसल्या रंगाची होती हे सांगू शकणारा माणूस आता एकच उरला होता, आणि तो ओल्या बाहीने पाण्याच्या मशीनपाशी उभा होता.

चूक झाली, असं तो अकरा महिने स्वतःला सांगत आला होता. चुकीला कारणही होतं. त्या सकाळी एका अपघातातल्या माणसाने तडफडताना त्याचं पांढरं कार्ड रक्ताच्या हाताने धरलं होतं, इतकं घट्ट की बोटं उकलावी लागली. ते कार्ड त्याने कचऱ्यात टाकलं. नवं कार्ड दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती. अशा वेळी त्याच्या विभागातले सगळेच जे करत, तेच त्याने केलं. इस्पितळात पांढऱ्याला काय तोटा, असं ते एकमेकांना म्हणत आणि खाटेवरच्या चादरीवर कॅमेरा धरून बटण दाबून मोकळे होत. पण त्या आठवड्यात धुलाईखात्यात कोणीतरी नीळ ओतताना हात सैल सोडला होता. चादर पांढरी वाटत होती, कारण डोळा सांभाळून घेतो. खरी ती निळसर जांभळी होती. कॅमेऱ्याला त्याने सांगितलं, हे पांढरं. कॅमेऱ्याने आज्ञेप्रमाणे समोरच्या प्रत्येक वस्तूतून तेवढा जांभळा काढून टाकला. ताज्या माराचा रंग जांभळा असतो. म्हणजे जो रंग कोर्टात पोचवण्यासाठी त्याला पगार मिळत होता, नेमका तोच रंग त्याने एक बटण दाबून पुसला होता.

तिचा नवरा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मानेवरचे केस नीट कापलेले, शर्टाला कडक इस्त्री. एका म्हाताऱ्याची काठी घसरून पडली, ती त्याने लगेच वाकून उचलून दिली, "सावकाश काका" म्हणाला. त्याचे हात मोठे होते, तळव्यांना ग्रीसची काळी रेघ कायमची बसलेली. त्या हातांकडे बघता बघता कॅमेरावाल्याला दिसलं, की आपण तिथवर गेलोय, त्या मानेला धरून त्याला ओढत इकडे आणलंय आणि ते डोकं पाण्याच्या मशीनच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटतोय, एकदा, दोनदा, काहीतरी मऊ होईपर्यंत. हे इतकं स्पष्ट दिसलं की त्याच्या उजव्या खांद्याला खरोखर रग लागली. हातातला पेला चुरगळला गेला होता. असली दृश्यं त्याला नवीन नव्हती. बँकेच्या रांगेत, सिग्नलला, शेजाऱ्याने मोठ्याने रेडिओ लावला की, ती अधूनमधून येत. चेहऱ्यावर काही दिसत नसे. ऑफिसात त्याला सगळे गरीब गाय म्हणत, आणि तोही मान डोलवत असे.

हा खांदा बापाचा. बाप कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवायचा. गिऱ्हाइकाने चिंधी आणून दिली की शंभर पिंपांतून नेमका तोच निळा काढून द्यायचा. त्याच्या डोळ्याची कारखान्यात शपथ घेत. पोराला खिडकीशी उभं करून दोन चिंध्या दाखवायचा, "कोणती जास्त तांबूस? नीट बघ. बल्बखाली बघायचं नाही, उजेडात बघायचं. डोळा पाहिजे, डोळा." पोराचं उत्तर बरोबर आलं की मांडीवर घ्यायचा. तोच बाप आठ-पंधरा दिवसांनी एकदा दाराची कडी लावायचा. मारताना बोलत नसे. आईही ओरडत नसे; शेजारी ऐकतील म्हणून ती स्वतःच्या हाताने टॉवेलचा बोळा तोंडात धरायची. त्यामुळे ऐकू येई तो फक्त ओली गादी झोडपावी तसा आवाज आणि बापाचं नाकाने श्वास घेणं. पोरगा खाटेखाली पालथा पडून फरशीच्या फटी मोजायचा. एकदा आईचं डोकं त्याच्या समोर फरशीवर आलं, एका हाताच्या अंतरावर, आणि तिने त्याच्याकडे बघून बोळ्यासकट हसायचा प्रयत्न केला. ते हसू त्याला मारापेक्षा जास्त लागलं. चाळीशी उलटली तरी ते आठवलं की त्याला उठून तोंड धुवावं लागे.

मग रंगांचे दिवस यायचे. आई अंघोळीला पाणी काढायची, पाठीला हात पोचत नसे म्हणून पोराला साबण लावायला बोलवायची. पहिल्या दिवशी तांबडं आणि गरम. तासा-दोन तासांतच जांभळं, मधे काळपट, आणि मग दोन-तीन दिवस तसंच. तेव्हा बाप घरात डोकं खाली घालून वावरायचा आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसायला लागायचं. आणि मग पिवळं. पिवळं आलं की आई काम करताना गुणगुणायची, बाप लवकर घरी यायचा, तिघं मिळून तलावावर जायची, बाप पाण्यात दगड फेकून पाच-पाच टप्पे काढून दाखवायचा. ज्या घरात कॅलेंडर टांगलेलं होतं त्या घरात हा पोरगा आईच्या पाठीवरून दिवस ओळखायचा. पिवळं म्हणजे सुट्टी. पिवळं म्हणजे आता दोन-चार दिवस काही होणार नाही. बाप मेल्याला सहा वर्षं झाली. आई आता त्याच्याजवळ राहते, आणि जेवताना कधीतरी म्हणते, मनाने वाईट नव्हतं रे ते माणूस. तो ताटात बघत राहतो.

बाकड्यावर ती बाई पर्समधून काहीतरी शोधत होती. तिच्या वाकलेल्या पाठीकडे त्याची नजर गेली आणि अकरा महिने ज्याच्यावर तो बूड टेकवून बसला होता ते वर आलं. चूक झाली होती हे खरं. पण ती चूक त्याला तिथेच दिसली होती. ती पालथी पडलेली, नर्सने झगा दोन बाजूंना केला, आणि कॅमेरा लावायच्या आधी त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. खांद्यापासून कमरेपर्यंत केबलच्या दुहेरी रेघा. तांबडं, जांभळं, मधे काळपट. त्याच्या नाकात एकदम साबणाचा वास आला. बोटांना गरम लागलं. मग त्याने घाईने कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडला, आणि पडद्यावरची पाठ पिवळी होती. नर्सने केसच्या अंकाचा कागद खांद्याशी धरला होता तोही पिवळट. चौदा वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला हे कळायला एक क्षणसुद्धा लागत नाही. त्याचा अंगठा बटणाकडे गेलासुद्धा. खिशात पांढराशुभ्र रुमाल होता, तो धरून पुन्हा बटण दाबायचं, पाच सेकंदांचं काम. पण छातीवरचं ओझं कोणीतरी उचललं होतं. श्वास सरळ येत होता. पिवळं होतं, म्हणजे होऊन गेलं होतं, म्हणजे भरत आलं होतं. "झालं का?" नर्सने विचारलं. "झालं," तो म्हणाला, आणि चार मिनिटं वीस सेकंद त्याने त्या पिवळ्या पाठीचं अगदी स्थिर हाताने चित्रण केलं. खालून बाईने विचारलं होतं, "फार आहे का?" तेव्हाही त्याने पडद्याकडेच बघून सांगितलं होतं, नाही, एवढं नाही.

भेकड, असं तो स्वतःला म्हणाला. पण नुसतं भेकड असतं तरी परवडलं असतं. सतराव्या वर्षी त्याने बापाला मारलं होतं. कडी लागायच्या आत खोलीत शिरला, स्टुलाचा निखळलेला पाय हातात आला, तो त्याने बापाच्या गळ्याच्या हाडावर घातला. हाड मोडल्याचं त्याच्या तळहाताला कळलं. थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. खाली पडलेल्या माणसाला त्याने आणखी मारलं, आणि त्यात त्याला जी मजा आली ती त्याला आयुष्यात पुन्हा कशातच आली नाही, ना लग्नात, ना पहिल्या पगारात. आईने मधे पडून त्याच्या थोबाडीत दिली. "बापावर हात उगारतोस? तू पण तसलाच निघालास?" म्हणाली, आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी बापाच्या खांद्याकडे त्याने चोरून पाहिलं. तोच जांभळा. चिंधी लावून जुळवून घ्यावा इतका तोच. त्या दिवसापासून त्याने हात खिशात घालून चालायची सवय लावून घेतली, आणि पुढे त्या हातांत कॅमेरा आला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षांपूर्वी कसल्याशा किल्ल्यांवरून वाद झाला आणि त्याने बायकोचा दंड धरला. मारलं नाही, नुसता धरला. दुसऱ्या दिवशी चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. बायकोने बाही वर करून दाखवली आणि शांतपणे सांगितलं, "हे परत झालं तर मी तुझ्याच कॅमेऱ्यासमोर येऊन बसेन." परत झालं नाही. पण तो डाग जायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत तो रोज तिची बाही कधी वर जाते याची वाट बघत होता. माफी मागायची तर जांभळ्यावर मागायला हवी होती. ते पिवळं झाल्यावर त्याला माफी मागायची गरजच वाटली नाही.

नाव पुकारलं गेलं. आत जाता जाता सरकारी वकिलाने त्याच्या दंडाला धरून कानाशी सांगितलं, "हे बघा, तुम्ही फक्त चित्रण मीच केलं एवढं म्हणायचं. हो आणि नाही. जास्त शहाणपण नको." त्याने मान डोलावली. साक्षीच्या पिंजऱ्याला नुकता रंग दिला होता, तळहाताला चिकटत होता. समोर उंचावर न्यायाधीशबाई, चष्मा नाकावर उतरलेला, सकाळपासून नववी केस. भिंतीवरच्या पडद्यावर चित्रण लावलं. ती पिवळी पाठ, आता पुरुषभर उंचीची. सरकारी वकिलाने दोन प्रश्न विचारले आणि तो बसला. मग मधाळ उठला, आणि पाहुण्याला पाट मांडावा अशा अदबीने म्हणाला, "आपण चौदा वर्षं हे काम करताय. म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच नाही. मला फार त्रास द्यायचा नाही तुम्हाला. एवढंच सांगा, पडद्यावर जे रंग दिसतायत ते त्या दिवशी होते तसेच आहेत ना?"

हो म्हणायचं होतं. हो तोंडात तयार होतं. हो म्हटल्यावर व्हरांडा, जिना, रस्ता, दुपारचा चहा. त्याने त्या बाईकडे पाहिलं नाही. पाहिलं ते नवऱ्याकडे. नवरा मान किंचित तिरकी करून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच सैलपणा होता जो त्या दिवशी छोट्या पडद्याकडे बघताना त्याच्या स्वतःच्या छातीत उतरला होता. पिवळं दोघांनाही मानवलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

सरकारी वकिलाने मान वर केली. मधाळचं हसू जागच्या जागी राहिलं. "नाही म्हणजे?"

"रंग चुकलेत. कार्ड नव्हतं म्हणून मी चादर पांढरी धरली. चादरीला नीळ जास्त झाली होती. त्यामुळे सगळंच पिवळं आलंय. पाठ पिवळी नव्हती."

"अच्छा. आणि हे आपल्याला आज आठवलं. अकरा महिन्यांनी. व्हरांड्यात फिर्यादीबाई आपल्याशी बोलत होत्या, त्यानंतर." मधाळ न्यायाधीशबाईंकडे वळला. "मॅडम, माझ्या बिचाऱ्या अशिलाने आता कुणाच्या आठवणीवर तुरुंगात जायचं?"

"माझ्या आठवणीवर नको," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. "तो अंकाचा कागद बघा. नर्सने खांद्याशी धरलाय तो. केसच्या फायलीत तोच कागद चिकटवलेला असतो. काढून बघा. तो पांढरा असेल. पडद्यावर तो जेवढा पिवळा आहे, पाठ तेवढीच खोटी आहे."

फाइल उघडली गेली. कारकुनाने कागद वर धरला. पांढरा होता, सरकारी कागद असतो तितका पांढरा. पडद्यावरचा त्याच अंकाचा कागद जुन्या दातासारखा दिसत होता. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर सरकवला. एका कागदाकडून दुसऱ्याकडे त्यांची नजर दोनदा गेली. मग त्यांनी विचारलं, "हे सुधारून बघता येतं?"

"येतं. प्रतीवर. एका टिचकीचं काम आहे."

"हरकत आहे," मधाळ आता गोड राहिला नव्हता. "हा पुराव्यात फेरफार आहे!"

"मूळ फाइल तशीच राहील. प्रत काढा," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि मग पेन उचलून त्याच्याकडे वळल्या. "थांबा. चित्रण करताना पडदा तुमच्यासमोर होता ना? हे पिवळं तुम्हाला तेव्हाच दिसलं असेल."

"दिसलं."

"मग बदललं का नाहीत?"

सरकारी वकील मानेने नको नको करत होता. गप्प बसलं तर ते हलगर्जीपणात जमा झालं असतं. एखादा मेमो, फार तर बदली. तेवढ्यावर भागणार होतं. त्याने ओल्या रंगाला चिकटलेला तळहात सोडवला. "कारण पिवळं बघायला बरं वाटत होतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"मला. जांभळं मला बघवत नाही. मी लहानपणापासून बघितलंय. मला दिसलं होतं, कळलं होतं, आणि मी मुद्दाम तसंच ठेवलं."

न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगितले. कारकुनाची बोटं कळफलकावर चालत राहिली. नोकरी गेली, हे त्याला त्या टकटकीतच कळलं. आश्चर्य म्हणजे त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या गोष्टीचं, कारण लॅपटॉप त्याच्यासमोर आणून ठेवला होता.

त्याने प्रत उघडली. बाण त्या कागदावर नेला. टिचकी मारली.

कागद पांढरा झाला. चादर आपल्या खऱ्या निळसर रंगावर गेली, नर्सच्या बोटांना बोटांचा रंग आला. आणि पाठ. दुहेरी रेघा एकीवर एक, काळपट जांभळ्या, कडेला पेटल्यासारख्या तांबड्या, खांद्याखाली दोन ठिकाणी कातडी उकलून आत ओलं. ती पाठ श्वास घेत होती. चित्रणच ते, प्रत्येक श्वासाबरोबर सगळ्या रेघा वर येत आणि खाली जात. टकटक थांबली. मधाळ आपल्या कागदांत काहीतरी शोधू लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी देवाचं नाव घेतलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. सगळी खोली दचकली होती, एक माणूस सोडून. नवऱ्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं, ओळख पटल्यासारखं, आणि मग पिंजऱ्याकडे पाहिलं. नजरेला नजर मिळाली. त्या खोलीत हा रंग आधी पाहिलेले दोघंच होते, आणि दोघांनीही अकरा महिने तो पोटात ठेवला होता. त्याला कुठेतरी पळून जावंसं वाटलं, त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि दोन्ही हात त्याने पिंजऱ्याच्या कठड्यावर दाबून धरले.

"मॅडम, बंद करू?" कारकुनाने हळूच विचारलं.

"नको," ती बाई म्हणाली.

ती उठून उभी होती. कोणी बोलावलं नव्हतं, तरी बाकांच्या मधून पुढे आली, पडद्यापासून हाताच्या अंतरावर थांबली. उजवा हात मागे वळवून तिने तो स्वतःच्या खांद्याखाली नेला, पडद्यावरची जागा बघून अंगावरची जागा शोधत असल्यासारखा, पोचेल तिथवर. "माझं अजून बघून झालेलं नाही," ती म्हणाली. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा वर आली. मग मान वळवली. ती नवऱ्याकडे बघेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती पिंजऱ्याकडे वळली होती. त्याची मान खाली गेलेली, नजर लॅपटॉपच्या कळांवर.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही पण बघा."

त्याने मान वर केली.